खाटेवरून बांधलेलं खुराडं

सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून झाल्यावर हात धुतले आणि माझ्याकडे न बघता आईला सांगितलं, "हिला आता बाळ होईपर्यंत झोपून राहू दे. उठायचं ते फक्त न्हाणीपुरतं." आदल्या वर्षी सहावा महिना सरत आला असताना माझं पहिलं बाळ गेलं होतं. म्हणून या खेपेला त्यांनी पिशवीच्या तोंडाला टाका घातला होता. टाका घट्ट होता, पण मी हिंडले-फिरले, ओझं उचललं तर काही खरं नव्हतं. माझं घर साताऱ्यात. भाड्याच्या दोन खोल्या, नवरा शाळेत मास्तर, सासूबाई संधिवाताने बेजार. तिथे कोण कुणाचं करणार? म्हणून दवाखान्यातून मला थेट माहेरी आणलं. माहेर कुंडलच्या अलीकडचं, उसाने चहूबाजूंनी वेढलेलं एक गाव. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती आणि थंडी अजून सरली नव्हती.

आईने माझी खाट परड्याकडच्या पडवीत टाकली. तिथे ऊन यायचं आणि आईला चुलीपुढून माझ्यावर लक्ष ठेवता यायचं. खाटेवरून मला शेवग्याचं झाड दिसायचं, गोठ्याची एक बाजू दिसायची, आणि परड्याच्या कुडापलीकडे लगेच ऊस सुरू व्हायचा. एवढंच माझं जग. पहिल्या आठवड्यातच ते मला पाठ झालं. पाठ टेकून टेकून कंबर दुखायची, कुशीवर वळले की पोटात काही हललं का म्हणून श्वास धरून पडायचे. हललं तर भीती, नाही हललं तर जास्त भीती. पुस्तक उघडलं की त्याच त्या ओळीवरून डोळे पुन्हा पुन्हा फिरत राहायचे.

नेमके त्याच सुमाराला आबा पेन्शनीत आले.

आबा म्हणजे माझे वडील. लष्करात सुभेदार होते. मी जन्मल्यापासून ते घरी यायचे ते पाहुण्यासारखे. रजेवर आले की घरात गोडधोड व्हायचं, आम्ही भावंडं शहाण्यासारखी वागायचो, आणि सगळ्यांना त्यांची सवय होईतोवर त्यांची रजा संपायची. आता त्यांची लोखंडी ट्रंक रिकामी होऊन कायमची माळ्यावर गेली होती, आणि तिच्या मालकाला घरात कुठे ठेवायचं हे कुणालाच कळत नव्हतं. त्यांनाही नाही.

ते पहाटे उठायचे, अंथरुणाची काटकोनात घडी घालायचे, दाढी करायचे आणि मग हिंडायला लागायचे. दारातून विहिरीपर्यंत, विहिरीवरून गोठ्यापर्यंत, गोठ्यातून पुन्हा दारात. मला चालायची बंदी होती आणि त्यांना थांबता येत नव्हतं. माझ्या खाटेवरून ते ये-जा करताना दिसायचे, तेव्हा कधी कधी मला त्यांचा रागच यायचा. माझ्या वाटणीचंही तेच चालत होते जणू.

हिंडून झालं की ते घराला हात घालायचे. फडताळातले डबे उंचीप्रमाणे लावून ठेवायचे. दोरीवरचे कपडे काढून पुन्हा सरळ वाळत घालायचे. एके दिवशी आई चुलीपुढून ओरडली, "माझं मीठ कुठं गेलं?"

"दुसऱ्या फळीवर हाय. डावीकडनं तिसरं," आबा म्हणाले.

"आवं, माझं मीठ हाताशी असतंय. इतकी वर्सं हाताशीच हाय. ही छावणी न्हाई, घर हाय."

आबांनी मिठाचा डबा चुलीशी आणून ठेवला. पण संध्याकाळी त्यांची नजर कोंबड्यांवर गेली. आमच्याकडे कोंबड्या दिवसभर मोकळ्या फिरायच्या आणि दिवस मावळताना आई त्यांना पडवीतच, माझ्या खाटेपासून चार हातांवर, डालग्याखाली झाकायची. डालगं म्हणजे बांबूची भली मोठी उपडी टोपली, वर दगड. वास यायचा, रात्री त्या कुरकुरत असायच्या, पण त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं. मी त्यातच वाढले होते.

"पोटुशी पोरगी झोपती तिथं कोंबड्या कोंडायच्या?" आबा म्हणाले.

"तिच्या जन्माआधीपासनं कोंडतीय."

"म्हणून बरोबर झालं?"

आईने दगड दाणकन ठेवला. "घरात कशाला हात लावू नका म्हंजे झालं. परड्यात काय करायचं ते करा जावा."

ती चिडून बोलली होती. आबांनी ते हुकमासारखं घेतलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच परड्यात कुदळीचा आवाज सुरू झाला.

पहिलं खुराडं त्यांनी एकट्याने बांधलं. गोठा बांधताना उरलेल्या विटा होत्या, त्यांच्या जाडजूड भिंती. वर शहाबादी फरशी. समोर एक बुटकं दार आणि बाजूला हातभर लांबीची एक फट. कमरेइतकंही उंच नव्हतं. पण असं भक्कम, की वर बैल उभा केला असता तरी हललं नसतं. शेजारचे काका कुडावरून वाकून बघत म्हणाले, "सुभेदार, कोंबड्या राखायच्यात का सरहद्द?" आबा हसले. ते आल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघत होते.

खुराडं झालं, पण हसू फार टिकलं नाही. आत जमणारी घाण काढायची तर दारापुढे पालथं पडून फावडं आत घालावं लागायचं. कोपऱ्यांतलं तसंच राहायचं. वारा खेळायला जागा नव्हती. सकाळी दार उघडलं की असा भपकारा यायचा, की लांबून माझ्याही डोळ्यांत पाणी यायचं. कोंबड्या शिंकायला लागल्या. दोन डांबरट कोंबड्या तर आत जायलाच तयार होईनात. दिवस मावळला की त्या शेवग्यावर चढून बसायच्या.

"आबा, वारं जायला वर जागा पायजे," मी खाटेवरून म्हणाले.

"थंडीचं वारं कशाला?"

"अंगावर न्हाई. डोक्याच्या वरनं."

त्यांनी खुराड्याकडे बघितलं आणि ते पुन्हा विहिरीकडे चालायला लागले.

शिमगा जवळ आला होता. एके सकाळी जाग आली ती कसल्या तरी शांततेने. कोंबडा आरवला नव्हता. मी मान वळवली तर आबा खुराड्यामागे उभे होते, नुसते उभे, हात खाली सोडून. तेवढ्यात आई आली आणि माझ्या आणि परड्याच्या मधे उभी राहिली.

"तिकडं बघू नगंस."

"काय झालं?"

"काय न्हाई. तू भिताडाकडं त्वांड कर."

पण तिच्या पदराखालून मला दिसलंच. पिसं. ओल्या मातीत पसरलेली, कुडापर्यंत आणि पुढे उसात गेलेली. खुराड्याच्या भिंती जशाच्या तशा होत्या. खालची जमीन मात्र मातीचीच ठेवली होती. मागून भिंतीखाली भोक पाडून कोल्हा आत शिरला होता. उसात कोल्हे असतात हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. आबांनाही ठाऊक असणार. पण त्यांनी भिंतीचा विचार केला, पायाखालचा नाही केला. आतल्यांपैकी एक तांबडी कोंबडी तेवढी जिवंत निघाली, कोपऱ्यात विटेला चिकटून बसलेली. आणि शेवग्यावरच्या त्या दोघी खाली उतरून नेहमीसारख्या माती उकरत होत्या.

आबांनी राहिलेलं सगळं उचलून कुठेतरी लांब नेऊन पुरलं. परत आले तेव्हा आई रडत होती. कोंबड्यांसाठी नाही, ते मला कळत होतं.

"पोरगी अशी पडलेली, आन दारात ह्ये असलं. ते पाडा आधी. मला डोळ्यासमोर नगं ते."

आबांनी पहार घेतली. दुपारपर्यंत फरशी उतरवली, भिंती पाडल्या, विटा कुडाला लावून रचल्या. मग ते पायरीवर बसले. माझ्याकडे पाठ, उसाकडे तोंड. इतके दिवस त्यांचं हिंडणं मला नकोसं झालं होतं. पण ते तसे बसलेले मला त्याहून बघवेनात.

आई धुणं घेऊन विहिरीवर गेली. शेवटी मीच म्हणाले, "आबा, परत बांधा."

"तुजी आई काय म्हणली ऐकलं न्हाईस?"

"ऐकलं. पण मला दिसभर हितनं ती जागा दिसती. मोकळी ऱ्हायली की लईच दिसंल."

त्यांनी पायरीवरचा विटेचा एक तुकडा उचलून कुडाकडे टाकला. मग पाठमोरेच म्हणाले, "मागल्या बारीला तुजी तार आली तवा मी वर होतो, डोंगरात. साहेबानं इचारलं, रजा पायजे का. न्हाई म्हणलो. म्हणलं, मी जाऊन काय करणार? बायामाणसाचं काम. आन काय बोलणार पोरीला?"

त्या वेळी ते आले नाहीत याचं मला तेव्हा काही वाटलं नव्हतं. ते कधीच नसायचे. आता मात्र वाटलं.

"काय बी बोलायचं नव्हतं," मी म्हणाले. "नुसतं बसायचं होतं."

"बसायलाच तर येत न्हाई मला."

असं म्हणून ते उठलेच. धोतराची माती झटकली आणि खाटेजवळ येऊन उभे राहिले. "सांग. कसं बांधायचं?"

भिंतीवर जुनं कॅलेंडर होतं. त्याची पानं फाडून मी मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने काढायला लागले. उताणं पडून, पुठ्ठा पोटाच्या उंचवट्यावर टेकवून. चित्रकला माझी कधीच बरी नव्हती. पण आबा त्या पानांकडे नकाशासारखं बघायचे. दिवसा ते कुठेकुठे जायचे आणि संध्याकाळी काहीतरी शिकून यायचे. एकदा कराडच्या बाजूला कुणाची तरी पोल्ट्री बघून आले. एकदा कुंडलच्या बाजारात कोंबड्या विकणाऱ्या बाईपाशी तासभर बसून आले. बसून! मी आईकडे बघितलं. आई भाकरी थापत होती, तिने मान वर केली नाही.

पहिलं ठरलं ते उंचीचं. खुराडं जमिनीपासून मांडीइतकं वर घ्यायचं, बाभळीच्या जाड खांबांवर. म्हणजे खालून कोल्हा उकरणार तर कुठे उकरणार? शिवाय खालची जागा झाडता येईल. तळाला फळ्या सलग न मारता पट्ट्या मारायच्या, बोट जाईल एवढ्या फटीने, म्हणजे घाण आपोआप खाली पडेल. खाली राख पसरायची आणि ती ओढून थेट उकिरड्यावर न्यायची. माझ्या मते फटी थोड्या मोठ्या हव्या होत्या. आबांच्या मते पिलांचे पाय अडकतील. "पिलं कुठायत?" मी म्हणून गेले. मग त्यांनी बारीक फटीच ठेवल्या.

जाळीचा प्रश्न अवघड निघाला. बाजारात कोंबड्यांची जाळी म्हणून मिळते ती षटकोनी, पातळ तारेची. ती कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. कुत्र्याने दात लावले की फाटते, आणि मुंगूस तर त्यातून पंजा घालून मान पकडतं, असं बाजारातल्या बाईने सांगितलं होतं. म्हणून आबांनी जाड तारेची, बारीक चौकोनांची जाळी आणली. ती वाकवताना त्यांच्या बोटांतून रक्त आलं. जाळी लावली ती वरच्या बाजूला, समोरासमोरच्या दोन भिंतींत, कोंबड्या दांडीवर बसतात त्याच्याही वर. वारा डोक्यावरून आरपार जाणार, अंगावर झोत नाही. खिळ्यांनी ठोकण्याऐवजी वरून लाकडी पट्टी मारून स्क्रूने आवळली.

दार म्हणजे खुराड्याची एक अख्खी बाजूच, उघडणारी. माणसाला कंबरेपर्यंत आत वाकून झाडू फिरवता आला पाहिजे, पालथं पडायचं नाही. कडीला वर एक खिट्टी. नुसती कडी हलवून हलवून निसटते.

कोंबड्यांच्या बसायच्या दांड्या मी आधी शिडीसारख्या काढल्या होत्या, एकापेक्षा एक वर. कागदावर छान दिसत होतं. तेव्हा चुलीपुढून आईचा आवाज आला. खुराडं पाडल्यापासून ती या विषयावर एक शब्दही बोलली नव्हती.

"सगळ्या वरच्याच दांडीसाठी भांडत्याल. एका सपाटीत करा."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. आई पुढे म्हणाली, "आन खुराड्याची पाठ मावळतीकडं करा. पाऊस तिकडनंच येतो. एवढं बी ध्यानात न्हाई?"

त्यानंतर ती खाटेजवळून जाताना कागदावर नजर टाकायला लागली. तिचं सगळंच बरोबर असायचं असं नाही. दांड्या नेहमीच्या बांबूच्या चालतील असं तिचं म्हणणं, पण बांबू गुळगुळीत, कोंबडीची बोटं घसरायची. आबांनी बाभळीच्या मनगटाएवढ्या जाड फांद्या सोलून लावल्या, त्या बऱ्या ठरल्या. अंडी घालायच्या जागेसाठी मात्र आईनेच तेलाचे रिकामे चौकोनी डबे काढून दिले. ते आडवे करून मागच्या बाजूला बसवले, आत लाकडाचा भुस्सा, तोंडाला गोणपाटाचा पडदा. कोंबडीला अंडं घालायला अंधार आवडतो. प्रत्येक डब्याला बाहेरून झाकण ठेवलं, म्हणजे आत न शिरता अंडी काढता येतील. पाण्याचं भांडंही बाहेरून भरता येईल असं. आणि एका टोकाला, मधे फळी घालून, वेगळी छोटी खोली. आजारी कोंबडीसाठी किंवा बाजारातून नवी आणली तर काही दिवस वेगळी ठेवायला. मानमोडीचा रोग एका कोंबडीबरोबर येतो आणि सगळं खुराडं घेऊन जातो, ते गावात सगळ्यांनी बघितलं होतं.

चैत्रात खुराडं उभं राहिलं. वर उतरता पत्रा, पागोळी दाराच्या उलट बाजूला. आबांनी नव्या कोंबड्या आणल्या, आधी त्या छोट्या खोलीत ठेवल्या, मग सोडल्या. सगळं काही झालं. आणि कोंबड्या आत जाईनात.

दिवस मावळला की त्या दारापर्यंत यायच्या, मान आत घालायच्या आणि मागे फिरायच्या. मग एकेक करत शेवग्यावर. आबा शिडी लावून चढायचे, एकेक कोंबडी काखेत मारून उतरायचे, आत सोडायचे, तोवर आधीची बाहेर. आई पदर तोंडाला लावून हसत होती. मला हसायची भीती वाटायची, पोटावर ताण येईल म्हणून. तरी हसले. आबांना मात्र झोप येईना. ते उजाडलं की खुराड्याभोवती गोल फिरायचे, इकडून बघ, तिकडून बघ.

एका दुपारी त्यांनी मधेच थांबून दार उघडलं आणि स्वतःचं डोकं, खांदे आत घातले. तसेच राहिले. बाहेर आले तेव्हा घामाने चेहरा निथळत होता.

"भट्टी हाय आत," ते म्हणाले.

पत्रा तापत होता. दिवस मावळला तरी तो तसाच धगधगत राहायचा. वाऱ्याची सोय केली होती, पण डोक्यावर तवा ठेवला होता. ऊस तोडून झालेल्या शेतात पाचट पडलेलंच होतं. आबांनी भारे आणून पत्र्यावर हातभर थर दिला, वरून काथ्याने आवळला, दुपारी त्यावर पाणी मारलं. तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळी तांबडी कोंबडी, तीच जी कोल्ह्याच्या रात्रीतून वाचली होती, दाराला तिरक्या टेकवलेल्या फळीवरून चढून आत गेली. तिच्यामागे बाकीच्या. आबांनी दार लावलं, कडी घातली, खिट्टी सरकवली, आणि दारावर हात ठेवून उभे राहिले.

मग ती तांबडीच खुडूक झाली. डब्यातून हलायला तयार नाही, हात घातला की पिसं फुलवून टोचायची. अशा वेळी आई एरवी पोटाखाली अंडी ठेवून कोंबडी बसवायची. या खेपेला तिने कोंबडीला उचललं आणि पाण्याच्या बादलीत बुडवायला निघाली. पाण्यात बुडवलं की खुडूकपणा उतरतो.

"आई, काय करतीस? बसव की तिला."

"आत्ता नगं."

"का?"

"तुजं होऊ दे. मग बघू."

कोंबडी तिच्या हातात धडपडत होती. आई माझ्याकडे बघेना. मला कळलं तिच्या मनात काय आहे. अंडी नासली, पिलं निघाली नाहीत, तर ते माझ्यासमोर होईल. इतके महिने घरात कुणी पाळण्याचं नाव काढलं नव्हतं. बाळंतविडा शिवायला घेतला नव्हता. सगळे माझ्याभोवती चवड्यांवर चालल्यासारखे वागत होते, आणि मला त्यानेच जास्त धास्ती वाटत होती.

"तिला नगं बुडवू," मी म्हणाले. माझा आवाज चढला. "नासली तर नासली. माझ्यापासनं काय काय झाकणार हाईस?"

आबा दारात उभे होते. ते पुढे आले, आईच्या हातातून कोंबडी घेतली आणि म्हणाले, "बसव ग. ती म्हणती तर बसव."

त्या छोट्या खोलीत गोणपाटावर भुस्सा पसरून, वर अंडी मांडून तांबडीला बसवलं. काही दिवसांनी आबांनी दुपारच्या वेळी मधल्या अंधाऱ्या खोलीत त्यांचा लष्करी टॉर्च लावला आणि एकेक अंडं प्रकाशासमोर धरून मला दाखवलं. मला धरून धरून खोलीपर्यंत नेलं होतं. एका अंड्यात तांबड्या शिरांचं जाळं पसरलेलं, मधे एक काळा ठिपका. तो हलला.

"दिसलं?" आबा कुजबुजले.

दुसरं अंडं नुसतं पिवळट, रिकामं. आईने ते पटकन पदराखाली घेतलं. मी तिचा हात धरला. "असू दे. दिसलं मला." तिने ते सावकाश बाहेर काढलं आणि वेगळं ठेवलं.

पिलं फुटायच्या आत माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. दिवस पुरे भरले नव्हते, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तेवढे झाले होते. जीप करून सांगलीला नेलं. रस्त्यात आबा पुढे बसले होते आणि दर वळणावर मागे वळून बघत होते. दवाखान्यात त्यांना आत येता येईना, तेव्हा ते बाहेर व्हरांड्यात फेऱ्या मारत राहिले. मला आतून त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता, जवळ यायचा, लांब जायचा. त्या दिवशी तो आवाज थांबू नये असं मला वाटत होतं. दिवस कलताना मुलगी झाली. किरकोळ, सुरकुतलेली, पण आवाज खणखणीत. चपला दाराशी येऊन थांबल्या.

घरी आलो तेव्हा परड्यात पिलं फिरत होती. निम्मी अंडी फुटली होती, निम्मी नव्हती. पुढच्या काही दिवसांत एक पिलू घारीने नेलं. आई त्याबद्दल मोकळेपणाने हळहळली, आणि मी बाळाला पाजत ऐकत होते.

पावसाळा सरता सरता मी साताऱ्याला निघाले. नवऱ्याला सुट्टी नव्हती म्हणून आबा पोहोचवायला आले. एसटी गर्दीची होती. कुणीतरी जागा दिली, आबांनी बाळाला मांडीवर घेतलं. कराड आलं, बस बराच वेळ थांबली, लोक चहाला उतरले. मी म्हणाले, "जरा पाय मोकळे करून या." त्यांनी नुसतं मानेनेच नाही म्हटलं. बाळ झोपलं होतं.

साताऱ्यात खोलीवर पोहोचलो. नवरा अजून शाळेतून यायचा होता, सासूबाई आतल्या खोलीत पडून होत्या. त्यांनी पिशव्या ठेवल्या, बाळाला गादीवर निजवलं, पाणी प्यायले आणि लगेच पायात चपला सरकवायला लागले.

"आबा, जेवून जावा. आजची रात्र ऱ्हावा."

"न्हाई. शेवटची गाडी मिळंल."

"काय घाई हाय? कोंबड्या आई कोंडंल की."

"तिला सांगून आलोय, येतो म्हणून," ते म्हणाले. "वाट बघंल."

आणि ते जिना उतरून गेले. मी खिडकीतून बघायला जाणार, एवढ्यात बाळ उठलं आणि रडायला लागलं. मी तिला घेतलं, खोलीभर फिरवत राहिले.